परभणीच्या यादीतलं नाव

महामायाने फोनवर "हाव अप्पा" म्हटलं आणि म्हटल्या म्हटल्या तिला कळलं की आपण चक्क खोटं बोललो. खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ते बोलून झाल्यावर पुढे काय करतात हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने फोन उशाशी ठेवला आणि मांडीवरच्या तीन महिन्यांच्या उत्पलाकडे बघत बसली, की निदान या लेकराने तरी काही सुचवावं. लेकराने जांभई दिली.

फोन लातूरहून होता, गुरुपादप्पांचा. मार्केट यार्डाजवळ त्यांची सोयाबीनच्या बियाण्याची कंपनी. कंपनी म्हणायचं ते पाटीवर लिहिलंय म्हणून; बाकी खाली दुकान, मागे गोदाम, गोदामाच्या कडेला दोन खोल्यांची प्रयोगशाळा आणि या सगळ्याच्या वर अप्पांचं घर. प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासायची. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे मांडायचे, पाचव्या दिवशी उघडून मोजायचे, आठव्या दिवशी पुन्हा मोजायचे, आणि हे बियाणं पेरण्याच्या लायकीचं आहे की नाही ते सही करून सांगायचं. गेली चार वर्षं ती सही महामायाची होती. तिच्या सहीशिवाय अप्पांच्या गोदामातून एक पोतं हलत नसे, आणि याचा तिला थोडा अभिमान होता. थोडा कसला, चांगलाच होता.

आता ती नांदेडला माहेरी होती, बाळंतपणाच्या रजेवर. अशी सहा महिन्यांची भरपगारी रजा अप्पांच्या कंपनीत आजवर कुणी मागितलीच नव्हती, कारण तिच्याआधी तिथे पोरीबाळी कामाला नव्हत्याच. तिने घाबरत घाबरत अर्ज दिला, तेव्हा अप्पांनी कपाळावरची विभूती खाजवली, मुलाला, शिवप्रसादला, कायदा वाचायला लावला आणि म्हणाले, "कायद्यात हाय म्हणं. अन् नसता तरी काय पोरीला उभी ठिवायची का?" रजा एप्रिल संपेपर्यंत होती.

आणि एप्रिलनंतर महामाया परत जाणार नव्हती.

हे ठरून चार महिने झाले होते. तिचा नवरा संघपाल भोकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर. लग्नाला तीन वर्षं झाली, त्यातली तीनही एसटीत गेली. शनिवारी ती लातूरहून निघायची किंवा तो भोकरहून, आणि सोमवारी पहाटे पुन्हा बॅग. आठव्या महिन्यात एकदा अहमदपूरच्या स्टँडवर गाडी बंद पडली, दुसरी येईपर्यंत तीन तास ती बाकावर पाय सुजवून बसली होती, आणि तिथेच तिने संघपालला फोन करून सांगितलं की हे आता पुरे. नांदेडला घर घेऊ भाड्याने, तुम्ही भोकरला जा-ये करा, मी लेकराला बघते. नोकरीचं पुढे नांदेडला बघू. तिला कुणी भाग पाडलं नव्हतं, रडून-भेकून कुणी गळ घातली नव्हती. ठरवलं तिनेच होतं. फक्त ज्याला सांगायला हवं त्याला अजून सांगितलं नव्हतं, कारण घरात सगळ्यांचं मत पडलं होतं की एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सांगावं. पगार हातात पडला की एक कागद लिहून पाठवायचा, विषय संपला.

आता हा फोन. अप्पा मोठ्या खुशीत होते.

"पोरी, परभणीच्या ट्रेनिंगला तुझं नाव देऊन राहिलो. मेमधी हाय, दहा दिवस. तवर तुझी सुटी संपती, बराबर बसतंय. लेकराला घिऊन जा, तुझी माय संगं जाईल. येत्या शुक्रवारी यादी बंद हाय. देऊ ना?"

आणि ती म्हणाली, "हाव अप्पा."

या परभणीच्या प्रशिक्षणाचं काय होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर महामाया बावळट वाटेल. एका प्रयोगशाळेतून एकच माणूस घेतात. दहा दिवस बीजपरीक्षणाचं सगळं शिकवतात, जे पुस्तकात नसतं तेही, आणि जो शिकून येतो त्याच्या शब्दाला वजन येतं. महामायाने एमएस्सी केली होती, पण तिथे जाऊन आलेल्या माणसासमोर ती आपोआप एक पायरी खाली उभी राहायची. पहिल्या वर्षी ती जागा लॅबमधल्या जुन्या, म्हाताऱ्या परीक्षकाला गेली, दुसऱ्या वर्षी लग्नाची तारीख नेमकी त्यातच आली, तिसऱ्या वर्षी ट्रेनिंगच रद्द झालं. गेल्या वर्षी ओकाऱ्या. म्हणजे चार वर्षं ती त्या दहा दिवसांकडे डोळे लावून बसली होती, आणि आता ते दहा दिवस फोनवरून चालत आले होते.

चांगुणा, तिची माय, शेगडीवरून ओवा-शेपाचा शेक घेऊन आली. लेकीचा चेहरा बघून म्हणाली, "कुणाचा फोन व्हता? अप्पाचा? पगार अडकिला का काय?"

"न्हाई माय. ट्रेनिंगला नाव द्यायलेत माझं."

"मंग दे म्हणावं की. नावच देऊन राहिलेत, घेऊन तर न्हाई राहिले. मे आल्यावर म्हणता येतं, लेकरू आजारी हाय."

चांगुणाबाईंना जगातल्या सगळ्या अडचणींवर लेकरू आजारी हे औषध माहीत होतं.

शनिवारी संघपाल आला. लेकराला खांद्यावर घेऊन फिरता फिरता त्याने सगळं ऐकलं. तो शांत माणूस. वर्गात साठ पोरं असली तरी आवाज चढवत नसे. "हे बघ," तो म्हणाला, "आत्ता सांगितलं आणि त्यांनी दोन महिन्यांचा पगार थांबवला तर? घराचं डिपॉझिट त्याच्यावर आहे."

"थांबवता येतो का पण?"

"येत नसावा. पण आपण काय कोर्टात जाणार आहोत का लेकरू कडेवर घेऊन?"

कायद्याने काय होतं हे घरात कुणालाच नीट ठाऊक नव्हतं आणि मत मात्र प्रत्येकाला होतं. महामायाने विचारलं, "अन् ती जागा? शुक्रवारी माझं नाव गेलं, मे महिन्यात मी नाही, म्हणजे यंदा लॅबमधून कुणीच नाही. तिकडे माझ्या जागेवर वैष्णवी एकटी आहे."

संघपालने थोडा वेळ लेकराच्या पाठीवर थोपटलं. "तुला वैष्णवीचं वाईट वाटतंय की जागेचं?" त्याने विचारलं. कुजकेपणाने नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून. महामायाला त्याचा भयंकर राग आला, कारण प्रश्न बरोबर होता.

तिचे वडील मारोती ओसरीवर वाटाणे सोलत होते. चौतीस वर्षं पोस्टमन होते ते. भोकर, मुदखेड, हदगाव, सगळीकडे सायकल फिरली. त्यांना कुणी मत विचारलं नव्हतं. पण चांगुणाबाई आत गेल्यावर ते वाटाण्यांकडे बघतच म्हणाले, "आमच्या टायमाला तारा यायच्या. वाईट तार असली की मी आधी बघायचो, घरची जेवायलेत का. जेवत असली की दारात थांबायचो, बिडी ओढायचो. त्यांचं जेवण होऊ द्यायचो." मग त्यांनी एक शेंग सोलली. "पर दुसऱ्या दिवसावर कवा ढकलली न्हाई." आणि उठून टरफलं म्हशीला टाकायला शेजारी गेले.

सोमवारी सकाळी वैष्णवीचा फोन आला, तोही चेहरा दिसणारा. वैष्णवी म्हणजे रजेपुरती ठेवलेली पोरगी. बीएस्सी झालेली, चाकूरजवळच्या गावची, अंगाने काडी आणि आवाज मात्र बाजारातल्या लिलावासारखा. तिच्या हातात उघडलेली गुंडाळी होती.

"मॅडम, हे बघा ना. मूळ चांगलं आहे, पण दाण्याची एक डाळ तुटलीय. हे धरायचं की सोडायचं? असे नऊ निघालेत. धरले तर लॉट पास, सोडले तर फेल."

महामायाने उत्पलाला मांडीवर आडवं केलं आणि फोन डोळ्यांजवळ नेला. "जवळ धर. अजून जवळ. उजेडाकडे फिरव. हां. अर्धी डाळ शाबूत आहे ना? शेंडा हिरवा आहे? मग धर. पुढचं दाखव. हे नाही, याचा शेंडाच सडलाय, हे सोड." नऊच्या नऊ रोपं तिने बघितली. सहा धरली, तीन सोडली. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. शेवटी मान अवघडली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तीन महिन्यांत एवढं बरं आपल्याला वाटलं नव्हतं. आणि हे लक्षात आल्यावर तिला लेकरासमोर उगीच ओशाळल्यासारखं झालं.

"मॅडम, हे असलं कुठं शिकवतात हो?" वैष्णवीने विचारलं.

"परभणीला."

"हां, ते अप्पांना मी विचारलं होतं. म्हणलं, मी जाऊ का. ते म्हणले, मॅडमचं नाव आहे." वैष्णवीच्या बोलण्यात कुरकुर औषधालाही नव्हती. "बरंच झालं. तुम्ही शिकून या, मग मला शिकवा. मी काय, तुम्ही येईपर्यंतच आहे. फक्त अप्पांना सांगाल का, गोदामात तरी ठेवा म्हणून? घरी सोयरीक बघून राहिलेत, पाहुणे विचारतात नोकरी पक्की आहे का. मी म्हणते, मॅडम आल्यावर कळंल."

फोन ठेवून महामाया उठली आणि मायला म्हणाली, "परवा लातूरला जायचं. तू पण चल."

"कामून?"

"अप्पाला लेकरू दाखवायचंय."

चांगुणाबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "दाखव. पर आधी लेकरू दाखव, चहा घे, निघताना अप्पाला बाजूला घिऊन हळूच सांग. चारचौघांत न्हाई. माणसाची इज्जत असती."

हे महामायाला पटलं. फोनवर सांगणं तिला जमणार नव्हतं. फोनवर ती "हाव" म्हणते हे सिद्ध झालं होतं. संघपालला तिने रात्री कळवलं. तो म्हणाला, "डिपॉझिटचं मी बघतो. लेकराला टोपडं घाल, गाडीत वारं लागतं." तेव्हा तिचा त्याच्यावरचा राग गेला.

बुधवारी सकाळच्या गाडीने त्या निघाल्या. लोहा गेलं, अहमदपूर आलं, गाडी चहाला थांबली, चाकूर मागे पडलं, आणि सगळ्या वाटेने महामाया मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होती. 'अप्पा, घरच्या अडचणीमुळे मला पुढे येणं जमणार नाही.' मग तिला वाटलं, अडचण कुठे आहे? अडचण म्हटलं की अप्पा ती सोडवायला बसतील. 'अप्पा, मी नांदेडला राहायचं ठरवलंय.' हे बरं. पण हे म्हणताना नजर कुठे ठेवायची ते काही ठरेना.

दुकानाच्या पायरीवर पाय ठेवला तेव्हाच बेत फिसकटायला सुरुवात झाली. हमाल मलप्पाने बघितलं, तो ओरडला, "मॅडम आल्या!" आणि हा हा म्हणता सगळं दुकान गोळा झालं. शिवप्रसाद गल्ल्यावरून उठून आला, वैष्णवी ओले हात ओढणीला पुसत प्रयोगशाळेतून धावत आली. अप्पा गादीवरून उठले, लेकराला दोन्ही हातांवर घेतलं, आणि त्या सत्तरीच्या माणसाने तोंडाने असे काही चमत्कारिक आवाज काढले की उत्पला टकामका बघायलाच लागली. जिन्यावरून कस्तुराबाई, अप्पांच्या बायको, गुडघे धरत धरत खाली येत होत्या. त्यांच्या मुठीत काहीतरी होतं.

पहिल्यांदा घरात आलेल्या लेकराला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, ही तिकडची रीत. कुणी हातात नोट कोंबतं, कुणी टोपडं घालतं. कस्तुराबाईंनी मूठ उघडली तर आत चांदीचे वाळे होते, लहान, जाड, घुंगरांचे.

"पोरगी झाली म्हणून कळलं, त्याच आठवड्यात सराफाकडं सांगून ठिवले व्हते," त्या म्हणाल्या. "तीन महिने झाले वाट बघून राहिले, ही कवा येती म्हणून. आण गं पाय हिचा."

त्यांनी उत्पलाचा पाय धरला, आणि महामायाने त्यांचा हात धरला.

"नका घालू काकू."

घालू नका म्हणणं ही तिथे लहान गोष्ट नव्हती. अख्खं दुकान गप्प झालं. चांगुणाबाईंनी लेकीच्या दंडाला मागून असा चिमटा काढला की दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. शिवप्रसादची नजर खाली गेली. आपल्या हातचं घ्यायला हिला नको वाटतं की काय, असंही कुणाच्या मनात येऊन गेलं असेल. कस्तुराबाई तर तशाच वाकलेल्या राहिल्या, वाळे बोटांत धरून.

"तसं नाही काकू," महामाया घाईघाईने म्हणाली, आणि वाटेत घोळवलेलं वाक्य काही केल्या तोंडात येईना. "आधी ऐका, मग ठरवा. अप्पा, मी परत येणार नाही. सुटी संपल्यावर. मी नांदेडला राहणार आहे. हे माझं ऑक्टोबरातच ठरलं होतं."

झालं. बाजूला घेऊन हळूच सांगायचं ते चारचौघांत, हमालांसमोर, लेकरू अप्पांच्या हातावर असताना सांगून झालं. याहून वाईट मुहूर्त शोधूनही सापडला नसता.

अप्पांनी लेकरू आधी सावकाश चांगुणाबाईंच्या हाती दिलं. मग गादीवर बसले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा घातला.

"मंग त्या दिशी हाव कामून म्हणलीस?"

सगळ्या घराने तिला शिकवलेली उत्तरं होती. लेकरू, सासर, बस. त्यातलं एकही खरं उत्तर नव्हतं.

"मला जायचं होतं अप्पा," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. तुम्ही परभणीचं नाव घेतलं अन् माझ्या तोंडून हाव निघून गेलं. मला वाटलं, दोन महिने तरी माझं नाव असू द्यावं तिथं."

अप्पांच्या आधी शिवप्रसाद बोलला, तेही हळू, की "अप्पा, मी अर्ज आला त्याच दिवशी म्हणलो होतो." त्याने काय म्हटलं होतं ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. बायका सुटी घेतात आणि जातात, परत येत नाहीत. असंच काहीतरी असणार. महामायाला ते लागलं, कारण तिने ते खरं करून दाखवलं होतं. दारात वैष्णवी उभी होती, उद्या तिचं लग्न होईल, तिलाही लेकरू होईल, आणि तिचा अर्ज याच गादीवर येईल.

"माझ्यावरून ठरवू नका अप्पा," महामाया म्हणाली. "हिच्या वेळी माझं आठवू नका."

"ते मला आत्ता इचारू नगंस," अप्पा म्हणाले. "आत्ता मला राग आलाय. मी तुला लेकीवाणी धरून राहिलो अन् तू चार महिने पोटात ठिवलंस. आलाय मला राग. येऊ दे की." मग त्यांनी शिवप्रसादकडे पाहिलं. "अन् तू लई शहाणा होऊ नगंस. ही एप्रिलात कागुद टाकून मोकळी झाली असती, तर तू म्हणतूस ते मी मानलं असतं. ही लेकरू घिऊन शंभर कोस एसटीनं आली सांगाया. फेब्रुवारीत. यादी बंद व्हायच्या आत. हे बी धर की हिशोबात."

शंभर कोस नव्हतं, पण ते दुरुस्त करायला कुणी गेलं नाही.

इतका वेळ वाळे हातात धरून उभ्या राहिलेल्या कस्तुराबाई आता वैतागल्या. "झालं का तुमचं? मी कवाची वाकून राहिले, कंबर मोडाया आली." त्यांनी चांगुणाबाईंच्या कडेवरच्या लेकराचा पाय ओढला आणि महामायाकडे न बघताच म्हणाल्या, "तुझ्या नोकरीला घालून राहिले का मी? लेकराला घालून राहिले." आणि एक वाळा चढवला, मग दुसरा. उत्पलाने पाय झाडला, घुंगरू वाजलं, तशी मलप्पाला हसू फुटलं आणि दुकान पुन्हा हललं. चांगुणाबाईंनी पदराने डोळे टिपले आणि पुन्हा एकदा, सवयीने, लेकीला चिमटा काढला.

चहा झाला. पेला ठेवून अप्पा म्हणाले, "वैष्णवी, ते फारम आण."

वैष्णवीने परभणीचा फॉर्म आणला. तो भरून झालेला होता. 'महामाया संघपाल कांबळे', वैष्णवीच्याच गोल अक्षरात, शिक्षण, अनुभव, सगळं. एक खाडाखोड नाही. आपल्याला नको ती जागा दुसऱ्याला देतानाही माणूस इतक्या काळजीने लिहीत नाही, आणि या पोरीने हवी असलेली जागा देताना लिहिलं होतं. महामायाला ते बघवलं नाही.

"दुसरा कोरा हाय का?" अप्पांनी विचारलं. होता. "मंग तुझ्या नावाचा हिच्याकडून भरून घे. आपल्याकडचे सगळे फारम हिनंच भरलेत आजवर."

"मी मागितलं नव्हतं मॅडम," वैष्णवी भेदरून म्हणाली. "खरंच. मी फक्त विचारलं होतं."

"मागायला पाहिजे होतंस," महामाया म्हणाली. "बस इथं. पूर्ण नाव सांग."

काउंटरवर कोपर टेकून तिने लिहायला घेतलं. नाव, गाव, शिक्षण. अनुभवाच्या रकान्याशी वैष्णवी कुजबुजली, "चार महिनेच लिहावं लागंल ना?" महामायाने चार महिने लिहिले आणि खालच्या जागेत दाटीवाटीने तीन ओळी जास्तीच्या लिहिल्या: किती लॉट तपासले, किती शंका स्वतः होऊन विचारल्या, तुटक्या डाळीची रोपं ओळखता येतात. हे लिहायला कुणी सांगितलं नव्हतं. मागून शिवप्रसाद डोकावून वाचत होता, तो म्हणाला, "हे तुम्ही भरून दिलं म्हणजे घेतील ते."

तळाशी एक रकाना होता. 'शिफारस करणाऱ्याचे नाव व पद.' नाव तिने लिहिलं. मग पेन थांबलं.

गादीवर अप्पा कुणाशी तरी फोनवर पोत्यांचं बोलत होते. ती त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबली.

"अप्पा, पद काय लिहू?"

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. दाराबाहेर ट्रक लागत होता, त्याच्याकडे बघत म्हणाले, "एप्रिलपतूर काय हाईस?"

"बीजपरीक्षक."

"मंग ते लिही की. पगार फुकट घेतीस काय? अन् नीट लिही, परभणीवाल्यांना वाचता यावं."

तिने लिहिलं. बीजपरीक्षक. एकेक अक्षर सुटं सुटं, वेलांटी पूर्ण, शिरोरेघ सरळ. एमएस्सीच्या पेपरातही तिने इतकं चांगलं अक्षर काढलं नव्हतं. खाली सही केली, तारीख घातली. मग कागद ओला होऊ नये म्हणून पटकन वैष्णवीकडे सरकवला, आणि हमाल बघतात, शिवप्रसाद बघतो, माय बघते, कशाचीही पर्वा न करता त्या काउंटरवरच डोकं टेकून रडली.